बावीस चिंचोके

एका जागी रोज दोन तास बसलं की किस्से शोधायला जावं लागत नाही, ते आपणच शेजारी येऊन बसतात. मी तीन वर्षं बसले. डहाणूत केतकीच्या शाळेच्या मागे बास्केटबॉलचं ग्राउंड आहे, ग्राउंडच्या कडेला सिमेंटचा कट्टा, आणि कट्ट्याच्या टोकाला जांभळाची सावली. ती जागा माझी. मुली तिथे पाण्याची बाटलीसुद्धा ठेवत नाहीत.

आमचं मूळ गाव सायवन. भात, नाचणी, थोडी वरी. मुलगा रेल्वेत लागला, सूनबाई नर्स, म्हणून मी डहाणूला आले. दोघांच्या ड्युट्या उलटसुलट, तेव्हा नातीला प्रॅक्टिसला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. लहानपणी मी शाळेची पायरी चढले नाही, आणि साठी उलटल्यावर रोज शाळेत जायला लागले.

हे मी सांगते आहे आणि केतकी लिहिते आहे. मधेमधे तिला पटत नाही, मग आमचं भांडण होतं. तेवढं वगळलं आहे.

एक गोष्ट आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं नीट कळेल. यंदा तालुक्याच्या मॅच झाल्यावर जिल्ह्याच्या टीममध्ये एका शाळेची एकच मुलगी घेणार होते. आमच्या घरात ते नाव केतकीचं धरलेलंच होतं. सूनबाईने माळ्यावरची बॅग काढून उन्हात घातली होती. मीही तसंच धरलं होतं.

*

पहिल्या आठवड्यात मला त्या खेळातलं एवढंच कळलं, की त्यात अन्याय आहे. केतकीने बॉल रिंगमध्ये टाकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बॉल उचलून समोरच्या टीमला दिला. तिने पुन्हा टाकला, पुन्हा तेच.

मी उठून सरांकडे गेले. खेळाचे देसले सर उंच, बारीक, गळ्यात शिटी, आणि आवाज असा की शिटीची गरज पडू नये. मी त्यांना म्हटलं, पोरीने बॉल बरोबर टाकला, तर तो तिलाच परत मिळायला हवा. टाकला म्हणून काढून घ्यायचा, हे कुठलं बक्षीस?

सर हसले नाहीत. त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "आजी, तुमचा नियम लावला तर केतकी एकदा सुरू करेल, आणि बाकीच्या नऊ जणी घरी जाऊन जेवून येतील."

नियम मला तेव्हा पटला. नात चांगली खेळते, हेही त्याच दिवशी कळलं.

*

केतकीचा हात बघण्यासारखाच आहे. गुडघे थोडे वाकतात, कोपर अंगाजवळ राहतं, आणि बॉल सुटला की मनगट बगळ्याच्या मानेसारखं खाली वाकून तसंच राहतं. बॉल रिंगमध्ये जाऊन जमिनीवर आपटेपर्यंत ती मनगट सरळ करत नाही. सर म्हणतात, हे असंच हवं. इतर मुलींना तिच्यासमोर उभं करून दाखवतात.

घरात बॉल आपटायची बंदी, कारण खालच्या मजल्यावर नाइट ड्युटी करून झोपणारी माणसं राहतात. म्हणून ती मोज्यांचा गोळा करून टाकायची. दारातून टोपलीत, खाटेवरून बादलीत. एका रविवारी मी तुरीची आमटी केली होती, कोथिंबीर घालायला झाकण काढलं, आणि पाठीमागून काहीतरी येऊन आमटीत बसलं. सूनबाईने हातातला डाव ओट्यावर आपटला. मी वळून बघितलं तर केतकी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभी, हात वर, मनगट वाकलेलं.

"आजी, काठाला लागला नाही."

खरोखरच लागला नव्हता. आमटी ओतून दिली.

*

सुमन आली ती नववीत. मूळची तलासरीकडच्या झरीची, डहाणूत मामीकडे राहायची. केतकीहून वीतभर बुटकी, आणि चालताना सारखी खाली बघत चालणारी. सरांनी विचारलं, आधी खेळली आहेस का? म्हणाली, हो. कुठे? म्हणाली, घराच्या मागे. रिंग होती तिथे?

"नाही. बॉल होता."

तिचा पहिला शॉट बघून सरांनी डोळे मिटून घेतले. भाताचे भारे उडवीवर, म्हणजे रचलेल्या ढिगावर, चढवताना कमरेतून झोका देऊन फेकतात, तसा ती बॉल फेकायची. महिनाभर सरांनी तिचं कोपर धरून तिला शिकवलं. ती मन लावून ऐकायची, "हो सर" म्हणायची, आणि परत भारा फेकायची.

माझ्या चिंचोक्यांचं त्याच सुमाराला सुरू झालं. डॉक्टरांनी पान बंद केलं, पानसुपारीची कप्प्यांची कापडी चंची रिकामी झाली. रिकामी चंची कमरेला बरी वाटेना, म्हणून मधल्या कप्प्यात चिंचोके भरले. बॉल पडला की मधल्या कप्प्यातून बाजूच्या कप्प्यात चिंचोके सरकवायचे. साध्या बॉलला दोन, लांबच्या रेषेबाहेरून टाकला तर तीन, फाऊल झाल्यावर एकटीने उभं राहून टाकतात त्याला एक. हे सरांकडूनच शिकले. डावा कप्पा केतकीचा. उजवा मी सुमनला दिला, कारण तिचा खेळ बघायला घरचं कुणी यायचं नाही.

एका शनिवारी आपसात मॅच झाली. संपल्यावर सर म्हणाले, आज केतकीचा दिवस होता. मी चंची उघडली. डाव्या कप्प्यात बारा निघाले आणि उजव्यात सोळा.

सरांना पटेना. हिने टाकले कधी? मग मी एकेक करून सांगितलं. दोन वेळा तिचाच चुकलेला बॉल तिनेच धरून परत टाकला. एकदा दुसऱ्या पोरीच्या हातून सुटलेला उचलला. एकदा दोघींच्या मधून वाकून गेली, एकदा पडता पडता टाकला, एकदा तर बसून. आणि चार फाऊलचे. सर ऐकत राहिले.

"आजी, यातला एकही बघण्यासारखा नव्हता."

"म्हणून तर तुम्ही बघितला नाहीत," मी म्हटलं.

*

त्यानंतर सरांनी मला दोन शब्द शिकवले. केतकी शूटर, सुमन स्कोअरर. मी विचारलं, दोघी बॉलच टाकतात, मग नावं दोन कशाला? सर कट्ट्यावर बसले आणि समजावू लागले. शूटरला जागा मिळाली, वेळ मिळाला, बॉल वेळेवर हातात आला, की ती चुकत नाही. स्कोअररला यातलं काही मिळालं नाही तरी चालतं. हात चालला नाही तर ती पाय चालवते. पाय चालले नाहीत तर जाऊन धडकते आणि फाऊल मिळवते. तिने काय केलं ते कुणाला आठवत नाही, पण मॅच संपली की तिच्या नावावर पॉइंट असतात.

म्हटलं, या दोघी तर आमच्या सायवनच्या शेतातच होत्या. माझी मोठी जाऊ भात लावायची तर रांग दोरी धरल्यासारखी. रस्त्याने जाणारा थांबून बघायचा. पण तिला चिखल मनासारखा लागे, रोपांच्या मुठी हाताशी लागत, आणि कुणी मधे आलं की तिचा हात थांबे. दुसरी माझी चुलत सासू, तिला सगळे काकी म्हणत. काकीची रांग कुठून निघाली आणि कुठे गेली ते कुणाला सांगता यायचं नाही. पण दुपारची भाकरी येईपर्यंत तिचं खाचर लावून झालेलं असायचं. दगडाची कड, खेकड्याच्या बिळाचं तोंड, बांधाचा कोपरा, बोट शिरेल तिथे काकीने रोप खोवलेलं.

सरांनी विचारलं, मग भात कुणाचं जास्त यायचं?

"ते वर्षावर होतं."

सरांना हे फार आवडलं. इतकं आवडलं की ते ग्राउंडवर वापरायला लागले. पुढच्या मॅचला केतकीचे लागोपाठ तीन बॉल चुकले, तेव्हा कडेवरून ओरडले, "केतकी, जाऊबाई पुरे झाली! काकी हो, काकी!"

आमच्या मॅचचा कागद म्हात्रे बाई लिहायच्या. त्या गणिताच्या. बाईंचा कागद कधी चुकत नाही, कारण त्या खेळाकडे बघतच नाहीत. पंचाने बोटांनी नंबर दाखवला की बघायचं, नंबरापुढे पॉइंट मांडायचा, आणि पुन्हा मान खाली. त्या दिवशी खेळ थांबल्यावर पंच सरळ बाईंच्या टेबलाशी आले आणि कागदावर बोट फिरवू लागले. बाईंनी विचारलं, काय झालं?

"तुमच्या यादीत बारा नावं आहेत. यातली काकी कोण? यादीत नसेल तर तिला खेळता येणार नाही."

*

तलासरीला मॅच होती तेव्हा वारा सुटला होता. तिथलं ग्राउंड उघड्यावर. केतकीचा पहिला बॉल वीतभर डावीकडे गेला. तिने अंदाज घेऊन दुसरा उजवीकडून टाकला, तोपर्यंत वारा पडला. तिसऱ्याला तिने वाऱ्याची वाट बघितली, आणि बॉल कुणीतरी हातातून काढून नेला. ब्रेकमध्ये येऊन माझ्या शेजारी बसली. डोळे भरलेले.

"आजी, वारा आहे."

म्हटलं, दिसतोय. पाणी पिता पिता सुमन म्हणाली, "रिंगच्या खाली नाहीये वारा."

ती सहज म्हणाली, पण केतकीला लागलं. (केतकी म्हणते, लागलं नाही. लिही म्हटलं, लागलं.)

सुमनचाही हात त्या दिवशी चालत नव्हता. पण तिचा हात रोजच चालत नाही, त्यामुळे तिला काही फरक पडला नाही. चुकलेला बॉल ज्या बाजूला उडायचा त्या बाजूला ती आधीच उभी असायची. दोन्ही गुडघे सोलवटून निघाले. उजव्या कप्प्यात अठरा जमले, डाव्यात दोन. आम्ही जिंकलो. मॅच संपल्यावर तलासरीची एक धिप्पाड मुलगी, जी सगळा वेळ सुमनला अडवत होती, ती आमच्या कट्ट्याशी आली. भांडायला आली असं मला वाटलं. पण तिला खरंच विचारायचं होतं.

"तुझा शॉट इतका खराब आहे, मग तू टाकतेस कशी?"

सुमन गुडघ्यावरची माती पुसत होती. म्हणाली, "खराब आहे ना, म्हणून चुकला की कुठे जाणार ते मला माहीत असतं."

*

तलासरीनंतर केतकी सुमनशी बोलेनाशी झाली. जिल्ह्याला एकच नाव जाणार हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. सुमनच्या मामीने सांगून टाकलं होतं, नाव आलं तर दहावीनंतरही इथेच ठेवते, नाही आलं तर झरीला आईबापाकडे बरी. मामी वाईट नाही. दोन खोल्यांत सहा माणसं आहेत. हे मला सुमननेच सांगितलं, आणि तेही केळं खाता खाता, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगते आहे.

मी घरी केतकीला म्हटलं, बाय, तिच्याशी बोलत जा. ती म्हणाली, मी कुठे भांडले आहे? ते खरं होतं. भांडली नव्हती. पास देत होती, पाण्याची बाटली पुढे करत होती, फक्त तोंड उघडत नव्हती.

कासाच्या मॅचच्या आदल्या दिवशी नव्या जर्सी आल्या. यादीत केतकीचा नंबर नऊ, सुमनचा पाच. नऊ नंबरची जर्सी निघाली आखूड, केतकीच्या पोटावर राहीना. पाच नंबरची एवढी मोठी की सुमनच्या खांद्यावरून उतरायची. दुसऱ्या दिवशी कासाला पोचल्यावर केतकीने नऊ नंबर काढून कट्ट्यावर ठेवला. सुमनने बघितलं. तिने पाच नंबर काढून त्याच्या शेजारी ठेवला. केतकीने पाच उचलला, सुमनने नऊ.

या सगळ्यात दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर कदाचित सरांना सांगायचं त्यांना सुचलं असतं.

*

आता कासाची मॅच. तालुक्याची शेवटची.

सुरुवातीलाच आमच्या एका मुलीचा पाय मुरगळला आणि देसले सर तिला घेऊन दवाखान्यात गेले. टीम म्हात्रे बाईंवर आली, आणि बाई टेबलावर मान खाली घालून बसलेल्या. केतकीने पहिलाच बॉल लांबच्या रेषेबाहेरून टाकला. तीन चिंचोके. मग एक साधा टाकला. समोरच्या टीमने तिचा हात ओळखला आणि तिच्यावर दोन मुली लावल्या. त्या दोघी तिला चिकटल्या त्या शेवटपर्यंत सुटल्या नाहीत. केतकी त्यांना घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत राहिली. चंचीत त्याला चिंचोका नसतो.

ती दोघींना घेऊन गेली तशी मधे जागा झाली, आणि त्या जागेत सुमन शिरली. धडकली, पडली, उठली, चुकला, धरला, टाकला. आम्ही तीन पॉइंटने जिंकलो. डाव्या कप्प्यात पाच होते. उजव्यात बावीस.

निवड करायला पालघरहून एक साहेब आले होते, वयस्कर, डोक्यावर पांढरी टोपी. शेजारच्या ग्राउंडवर दुसरी मॅच चालू होती, त्यांनी बराच वेळ तीच बघितली. आमच्याकडे आले ते शेवटी. बाईंचा कागद हातात घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. नंबर नऊ, बावीस पॉइंट. नंबर पाच, पाच पॉइंट. मग यादीतलं नऊ नंबरापुढचं नाव मोठ्याने वाचलं.

केतकी.

मी कट्ट्यावर होते. काय झालं ते मला लगेच कळलं. मला आकडे वाचता येत नाहीत. मुलींच्या पाठीवर काय लिहिलंय ते मी कधी बघतच नाही, मी मुली बघते. बाकी सगळ्यांनी नंबर वाचला होता. उजव्या कप्प्यात बावीस आहेत, हे त्या क्षणी तिथल्या मोठ्या माणसांत मला एकटीला माहीत होतं.

मी चंची गुंडाळली आणि दोरी बांधली.

हे लिहिताना केतकी थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं. तिला हे माहीत नव्हतं. लिही, म्हटलं.

सुमन खाली बघत होती. बाकीच्या मुली एकमेकींकडे. केतकी साहेबांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ते बावीस माझे नाहीत. आम्ही जर्सी बदलल्या होत्या. बावीस सुमनचे."

बाई घाबरून उठल्या. म्हणाल्या, मी नंबराप्रमाणे लिहिलंय. साहेब म्हणाले, कागद तर बरोबर दिसतोय. त्यांनी दोघींना वरपासून खालपर्यंत बघितलं, एक उंच, एक बुटकी, आणि त्यांना केतकीचं खरं वाटेना. मैत्रिणीसाठी पोरी असं करतात, म्हणाले. कुणी मोबाईलवर मॅच काढली आहे का? एका वडिलांनी काढली होती. साहेबांनी चष्मा चढवून बघितली. पूर्ण व्हिडिओत त्या वडिलांची स्वतःची मुलगी होती, बाकावर बसलेली.

"माझ्या आजीला विचारा," केतकी म्हणाली. "तिला आकडे वाचता येत नाहीत."

साहेबांना ते उलटंच वाटलं असणार. तरी येऊन कट्ट्यावर बसले. मग मला दोरी सोडावी लागली. मी पहिल्या बॉलपासून सांगितलं. कुठून टाकला, कुणाला चुकवून, रिंगला लागून की न लागता, फाऊल कुणी केला, त्यातले किती पडले. हा उंच पोरीचा, हा बुटक्या पोरीचा. साहेब कागदावर खुणा करत गेले. सत्तावीस चिंचोके संपले तेव्हा त्यांच्या खुणाही संपल्या.

"आजी, यातली तुमची कोण?"

"उंच."

त्यांनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाले, आकडे जुळले, पण कागदावर उंच-बुटकी लिहिलेली नसते. याचा निकाल सोपा आहे. दोघींनी फाऊलच्या रेषेवरून पाच-पाच बॉल टाकायचे. जिने बावीस केलेत, तिचा हात काही लपायचा नाही.

मी मनात म्हटलं, झालं. हे म्हणजे जाऊबाई आणि काकी यांना रांग काढायला लावण्यासारखं.

केतकी रेषेवर गेली. समोर कुणी नाही, वारा नाही, हवा तेवढा वेळ. कुणाला वाटेल, तिने मुद्दाम चुकवायचे होते. पण तिला चुकवता येत नाही, मनगटाला तशी सवयच नाही. पाच टाकले, पाच पडले. लिहिता लिहिता ती विचारते आहे, पाचही रिंगला न लागता गेले होते, ते लिहू का? लिही बाय. तेही खरंच आहे.

साहेबांनी मान हलवली आणि पेनचं टोपण काढलं.

सुमन रेषेवर आली. तिने कमरेतून झोका देऊन पहिला भारा फेकला. बॉल रिंगच्या डाव्या कडेला लागून उडाला. साहेब काही बोलणार तोवर ती डावीकडे पोचली होती. बॉल जमिनीला लागायच्या आत धरला, रिंगमध्ये घातला, आणि धावत रेषेवर परत.

साहेब म्हणाले, अगं, नुसता टाकायचाय. मागे पळू नकोस.

"हो सर," ती म्हणाली.

दुसरा उजवीकडे उडाला. ती उजवीकडेच होती. धरला, घातला, परत आली. तिसरा ना रिंगला लागला ना बोर्डाला, सरळ बाहेर चालला होता. तो तिने रेषेच्या कडेवर पडता पडता ओढला आणि बसल्या जागेवरून वर फेकला. बोर्डावर आपटून रिंगवर दोनदा फिरला आणि आत पडला.

साहेबांनी कागद गुडघ्यावर ठेवला. एका नावावर रेघ मारली आणि वर दुसरं लिहिलं. काय लिहिलं ते मला कुठलं वाचता येणार, पण केतकी त्यांच्या शेजारी उभी होती. रेघ कुणाच्या नावावर, ते मला तिच्या तोंडावरून कळलं.

"बस," साहेब म्हणाले. "झालं, बाळ."

सुमन रेषेवर परत आली होती. धापा टाकत होती, कोपरातून रक्त येत होतं. तिने कागदाकडे बघितलंच नव्हतं.

"अजून दोन राहिलेत, सर."

बॉल घरंगळत केतकीच्या पायाशी आला होता. तिने तो उचलला आणि सुमनकडे टाकला.